टीव्ही गेला, पण बसायचं कुणी?

पत्र सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून आलंय. लिहिणाऱ्या ताई ३९ वर्षांच्या, एका पतसंस्थेत नोकरीला. घरात नवरा, ७१ वर्षांच्या सासूबाई, सातवीतला मुलगा आणि दुसरीतली मुलगी. मे महिन्यातल्या वळवात वीज कडाडली आणि टीव्ही जळाला. दुरुस्तीवाला म्हणाला, पॅनेलच गेलंय, खर्च करण्यात अर्थ नाही. ताईंनी ठरवलं की आता नवा आणायचाच नाही. संध्याकाळचं वेळापत्रक करून फ्रिजवर लावलं: साडेसहाला शुभंकरोती, सातला अभ्यास, आठला वाचन, साडेआठला जेवण आणि गप्पा, सव्वानऊला बैठे खेळ. ते नऊ दिवस चाललं. आता तीन महिने होत आले. सासूबाई गप्प गप्प असतात, विचारलं तर म्हणतात, "माझं काय, राहिलेत किती दिवस." नवरा जेवण झालं की मोबाईल घेऊन आडवा होतो. मुलगा मॅच बघायला मित्राकडे जातो. मुलगी दर दहा मिनिटांनी "कंटाळा आला, काय करू?" विचारते. हॉलमधल्या टीव्हीच्या रिकाम्या जागेत तिनं बाहुल्या आणि मसाल्याचे रिकामे डबे मांडून पसारा केलाय, तो रोज आवरावा लागतो. ताई विचारतात: "पूर्वी टीव्ही नव्हता तेव्हा माणसं राहत होतीच ना? मग आम्हालाच का जमत नाही? हे म्हणतात दिवाळीच्या ऑफरमध्ये नवा घेऊ. घेतला तर मी हरले असं वाटेल."

ताई,

'पूर्वी माणसं राहत होतीच ना' इथूनच सुरू करू. हे आपण सगळेच म्हणतो आणि म्हणताना डोळ्यांसमोर एक चित्र असतं. ओसरीवर मिणमिणता दिवा, आजी गोष्ट सांगतेय, नातवंडं तिच्या मांडीवर, आजोबा पान लावत बसलेत. मी त्या 'पूर्वी'तच वाढले. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, पण आमच्या कराडच्या घरात टीव्ही यायला १९८५ उजाडलं. तोवरच्या संध्याकाळी मला लख्ख आठवतात. वडील कचेरीतून यायचे, चहा घ्यायचे आणि कट्ट्यावर जायचे, ते जेवायलाच परत. आजोबांचा रेडिओ होता; बातम्या लागल्या की घरात कुणी शिंकायचंसुद्धा नाही. आम्ही पोरं अंधार पडेपर्यंत बाहेर, मग हातपाय धुऊन शुभंकरोती, पाढे, पावकी-निमकी, तेही धाकानं. आणि आई? आई संध्याकाळी बसलेली मला आठवतच नाही. स्वयंपाकघरात पंपाचा स्टोव्ह भरभर आवाज करत असायचा. आईशी काही बोलायचं तर त्या आवाजावर आवाज चढवून बोलावं लागे, म्हणून आम्ही फारसं बोलतच नसू. तेव्हा आमच्या घरात फार संवाद होता असं म्हणायला माझी जीभ धजत नाही.

१९८५ मध्ये टीव्ही आला. कृष्णधवल, लाकडी कपाटात बसवलेला, पुढं सरकतं शटर. त्या वर्षी मी पहिल्यांदा आईला संध्याकाळी बसलेलं पाहिलं. मांडीवर मेथीची जुडी असायची, रिकामी ती कधीच बसली नाही, पण बसायची. आजीनं आतून हाक मारली की ती म्हणायची, "एवढं संपू दे, आले." हे वाक्य तिनं त्याआधी कुणालाही ऐकवलं नव्हतं. 'मी दमलेय, जरा बसते' असं म्हणायची आमच्या घरात सोय नव्हती. 'मालिका चाललीय' असं म्हणायची सोय झाली.

टीव्हीची बाजू घ्यायला मी हे लिहीत नाहीये. टीव्हीनं घरातलं बोलणं बंद केलं, डोळे बिघडवले, मुलं बिघडवली, हे सगळं आपण वाचत आलोय आणि त्यात तथ्यही आहे. पण तो घरात काय काम करत होता हे न बघता काढला, तर ती कामं उघडी पडतात आणि कुणाच्या तरी डोक्यावर बसतात. तुमच्या घरी ती कुणाच्या डोक्यावर बसली ते तुमच्याच वेळापत्रकात दिसतं. पुन्हा एकदा ते वाचा. शुभंकरोती कोण म्हणवून घेणार? तुम्ही. अभ्यासाला कोण बसणार? तुम्ही. वाचून कोण दाखवणार, ताटं कोण वाढणार, गप्पांचा विषय कोण काढणार, पत्ते कोण पिसणार? तुम्ही टीव्ही काढलात आणि त्याच्या जागी स्वतः उभ्या राहिलात, ताई. सहाला कामावरून येऊन साडेसहा ते दहा पाच माणसांची करमणूक करायची, आणि मधल्या वेळात पोळ्याही लाटायच्या. ते नऊ दिवस तरी चाललं याचंच मला कौतुक वाटतं.

केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयानं २०१९ साली देशभर एक पाहणी केली होती, माणसं चोवीस तास कशी घालवतात याची. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं गेली आणि पुरुषांची ९७. त्यातही जे पुरुष घरकामाला हातच लावत नाहीत ते या सरासरीत धरलेले नाहीत. धरले असते तर आकडा आणखी खाली आला असता. ही पाच तासांची आणि दीड तासाची गोष्ट मनात ठेवून मग 'टीव्हीशिवाय कुटुंबानं वेळ कसा घालवावा' हा प्रश्न विचारू. कारण वेळ घालवायला आधी तो असावा लागतो.

आता तुमच्याच जिल्ह्यातली एक गोष्ट, तुमच्या कानावर नक्की असणार. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावमध्ये ऑगस्ट २०२२ पासून रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजायला लागला. भोंगा वाजला की घराघरांतले टीव्ही आणि मोबाईल बंद. साडेआठला पुन्हा भोंगा, मग ज्याला जे बघायचं ते बघावं. करोनाच्या काळात मुलांच्या हातात गेलेले मोबाईल सुटत नव्हते, म्हणून गावानं हे ठरवलं. बातमी वाचून अनेकांनी 'वा' म्हटलं. मला त्यातल्या दोन गोष्टी घ्याव्याशा वाटल्या. एक म्हणजे तो भोंगा सगळ्यांसाठी वाजतो, पोरांनाही आणि बापांनाही. दुसरी म्हणजे तो दीड तासानं पुन्हा वाजतो. गावानं टीव्ही फोडले नाहीत की विकले नाहीत. रोजची नव्वद मिनिटं मागितली, तेवढीच.

तुमच्या घरात उलट झालंय. टीव्हीला चोवीस तासांची बंदी आणि मोबाईलला मोकळं रान. बंदी झाली ती टीव्ही बघणाऱ्यांना, म्हणजे सासूबाईंना आणि मुलांना. ज्यांच्या हातात मोबाईल आहे त्यांचं काहीच गेलं नाही. सातवीतल्या पोराला हे कळत नसेल असं समजू नका. शिवाय टीव्ही कितीही वाईट असला तरी तो सगळ्यांचा एक होता. मॅचला ओरडायचं तर एकत्र, मालिकेतल्या सुनेला नावं ठेवायची तर एकत्र. मोबाईलवर माणूस एकटाच हसतो आणि बाकीच्यांनी विचारलं तर म्हणतो, "काही नाही, असंच." घरातली मोठी काच फुटली आणि त्या जागी तळहाताएवढी एक काच आली, हा काही टीव्हीवरचा विजय नव्हे.

जुन्या दूरदर्शनबद्दल आणखी एक. ते संध्याकाळी सुरू व्हायचं आणि रात्री संपायचं. आपण बंद करत नव्हतो, ते आपोआप बंद व्हायचं. १९८७ साली 'रामायण' मालिकेसाठी रविवारी सकाळी रस्ते ओस पडायचे हे खरं, पण तासाभरानं ते पुन्हा भरायचेही. नव्वदच्या दशकात केबल आली आणि हा शेवट नाहीसा झाला. तेव्हापासून 'पुरे' म्हणायचं काम घरावर आलं आणि बहुतेक घरांत ते आईवर आलं. दुष्ट व्हायचं तर तिनंच. तुमच्या 'मी हरले असं वाटेल' या वाक्यात मला तेच ऐकू आलं. वीज पडून टीव्ही जळाला, ताई. ही लढाई तुम्ही सुरू केलेली नाही, तर हरायचं कशात?

आता सासूबाई. त्यांच्याबद्दल तुम्ही दोनच वाक्यं लिहिलीत, आणि मला सगळ्यात काळजी त्यांची वाटली. तुमचं सगळं पत्र संध्याकाळबद्दल आहे. पण सकाळी साडेनऊला तुम्ही बाहेर पडता, मुलं शाळेत, नवरा कामावर. दुपारी चार-पाचपर्यंत त्या घरात एकट्या असतात. टीव्ही जळाला तेव्हा तुमच्या संध्याकाळचे दोन-तीन तास गेले. त्यांची अख्खी दुपार गेली. घरात माणसाचा आवाज असणं ही ७१ व्या वर्षी छोटी गोष्ट नाही. त्या मालिका बघत होत्या की नुसता आवाज चालू ठेवून वाती वळत होत्या, हे तुम्हाला माहीत आहे का? मला वाटतं नसावं, कारण त्या वेळी तुम्ही घरी नसता. आणि दुसरं असं की या वयाच्या बायकांचं बाहेरचं बोलणंही पुष्कळदा मालिकांवर चालतं. देवळाच्या पायरीवर, भजनी मंडळात 'काल काय झालं बघितलंस का' इथून गाडी सुरू होते आणि मग गुडघेदुखीवर, सुनांवर, माहेरच्या जमिनीवर जाते. पहिलं वाक्यच गेलं की पुढच्या गप्पाही अवघडतात.

तेव्हा त्यांना आधी विचारा, पण 'तुम्हाला टीव्ही हवाय का' असं नको. तसं विचारलं तर 'मला कशाला' हेच उत्तर येणार. 'दुपारी काय करता हो एकट्या?' असं विचारा, आणि विचारून शेंगा सोलायला शेजारी बसा, उत्तर लगेच येणार नाही. रेडिओची सवय त्यांच्या पिढीला नव्यानं लावावी लागत नाही. आकाशवाणीचं सांगली केंद्र आहे, विविध भारती १९५७ पासून चालूच आहे. एक साधा, मोठ्या बटणांचा रेडिओ आणून त्यांच्या पलंगाच्या उशाशी ठेवा. मोबाईलवरच्या ॲपमधला नको, तो त्यांना प्रत्येक वेळी कुणाकडून तरी लावून घ्यावा लागेल. आवडत्या मालिकेला त्या शेजारी जाणार असतील तर खुशाल जाऊ द्या. आपल्याकडे कितीतरी वर्षं टीव्ही असाच बघितला गेला, शेजारच्या घरी, दारात चपलांचा ढीग करून. त्यात कमीपणा वाटून घेऊ नका. आणि एवढं करूनही त्यांना टीव्हीच हवा असेल, तर या वयात तो मागण्याचा त्यांना हक्क आहे. घराचं वळण लावण्यासाठी म्हातारीचा विरंगुळा काढून घेणं मला पटत नाही, मग हेतू कितीही चांगला असो.

नवऱ्याबद्दल थोडक्यात लिहिते, कारण इथं सल्ला सोपा आहे आणि अमलात आणणं अवघड. 'तुम्ही सतत मोबाईलवर असता' या वाक्यानं आजवर एकाही घरात मोबाईल खाली ठेवला गेलेला नाही. त्यांना काम सांगा, नेमकं. "साडेआठनंतर ताटं आणि ओटा तुमचा, त्या वेळात मी आईंजवळ बसते." किंवा "मुलीला झोपताना गोष्ट तुम्ही सांगायची, मला एकही नवी सुचत नाही." दमून आलेल्या माणसाला पहिला अर्धा तास शांत बसू द्यावं, तो तुम्हालाही मिळायला हवा, दोघांनी आलटून पालटून घ्या. पण भोंगा वाजला की फोन सगळ्यांचे एका जागी. आमच्या ओळखीच्या एका घरात ते देव्हाऱ्याखालच्या खणात जातात. खण उघडायला देवासमोर वाकावं लागतं, म्हणून सहसा कुणी उघडत नाही. तुमच्याकडं भोंगा नसेल तर कुकर आहे. तिसरी शिट्टी म्हणजे भोंगा, असं ठरवा. मुलांना गंमत वाटेल आणि वेळ तुमच्या तोंडून न येता कुकरच्या तोंडून येईल.

आता हॉल. तुम्ही लिहिलं नाहीत, पण पैजेवर सांगते की तुमचा सोफा अजून त्याच भिंतीकडे तोंड करून आहे. आपली बैठकीची खोली टीव्हीसाठी मांडलेली असते. सगळे एका रांगेत, भिंतीकडे बघत, एसटीत बसल्यासारखे. टीव्ही गेला तरी माणसं त्याच रांगेत बसतात आणि समोर भिंतीला चार भोकं आणि लोंबणारी एक वायर दिसते. अशानं गप्पा होतील कशा? गप्पांना माणूस तिरपा किंवा समोर लागतो, आणि हाताला काही काम लागतं. सोफा फिरवा. नाहीच फिरला तर सतरंजी टाका आणि खाली बसा. सासूबाईंना खुर्ची, पण घोळक्यात, कडेला नाही. आणि ती वायर आजच काढा.

मग हाताला काम. स्वयंपाकघरातलं जे जे बसून होतं ते ते हॉलमध्ये आणा: लसूण सोलणं, कोथिंबीर निवडणं, शेंगा फोडणं, पावट्याच्या दिवसांत पावटे सोलणं. मेथी ही या बाबतीत फार गुणी भाजी, दोन जुड्या म्हणजे पाच माणसांची वीस मिनिटं. तुमचं काम हलकं होईल हा एक भाग. खरी गंमत अशी की हात गुंतले की तोंड मोकळं होतं. मुलाला समोर बसवून 'आज शाळेत काय झालं' विचारलंत तर तो 'काही नाही' म्हणेल. शेंगा फोडताना तोच पोरगा मान वर न करता सगळं सांगतो. आणि आजी-आईच्या मोठ्यांच्या गप्पा मुलं कान देऊन ऐकतात, आपल्याला वाटतं त्यांचं लक्ष नाही. मला माझ्या आत्याच्या लग्नाची खरी हकिगत अशीच कळली, चिंचा फोडताना. कुणी मला मुद्दाम सांगितली नसती.

खेळाचं म्हणाल तर सातपासून एकाहत्तरपर्यंत सगळ्यांना चालेल असा एकच पत्त्यांचा डाव मला ठाऊक आहे, बदाम सात. मेंढीकोटाला चारच जण लागतात आणि पाचवा रुसतो. बदाम सातला पाच जण बसले की तिघांना दहा-दहा पानं, दोघांना अकरा-अकरा. बदामाची सत्ती ज्याच्याकडं तो सुरुवात करतो, मग सहा किंवा आठ लावायची, नाहीतर दुसऱ्या रंगाची सत्ती. आपल्याकडं इस्पिकची अठ्ठी असेल आणि लावण्यासारखं दुसरं पान हातात असेल तर ती दाबून ठेवायची, वरचं सगळं इस्पिक अडतं. शेजारचा कळवळतो. इथं सासूबाई रंगात येतील बघा, अडवण्याची कला त्या पिढीइतकी कुणाला जमत नाही. दुसरीतल्या मुलीला पानं हातात धरता येत नसतील तर तिला आजीची जोडीदार करा. हातात राहिलेल्या पानांचे गुण मांडायचे, ज्याचे कमी तो पुढं. रोज खेळायचं नाही. आठवड्यात दोनदा पुरे, नाहीतर त्याचंही वेळापत्रक होईल.

मुलीच्या 'कंटाळा आला'ला उत्तर देऊ नका. हे ऐकायला कठोर वाटेल. पण दर वेळी तुम्ही 'चित्र काढ', 'हे कर', 'ते कर' म्हणालात तर ती कंटाळ्याचं ओझं तुमच्याकडं देऊन मोकळी होते, आणि टीव्हीही तेच करत होता. 'हो का? मलाही येतो कधी कधी,' एवढंच म्हणा आणि तुमचं काम करत राहा. पंधरा-वीस मिनिटं ती भुणभुण करेल. त्यानंतर काहीतरी सुरू होतं. तुमच्याकडं ते सुरू झालेलं आहे आणि तुम्ही ते रोज आवरताय! टीव्हीच्या रिकाम्या जागेत बाहुल्या आणि मसाल्याचे डबे मांडलेत, त्याला तुम्ही पसारा म्हणता. ते दुकान असेल, किंवा मंच असेल, किंवा खुद्द टीव्हीच असेल, ज्यात आता ती स्वतः कार्यक्रम करते. एकदा विचारा. घरातल्या पाचांपैकी एकीनंच त्या रिकाम्या चौकोनाचं काहीतरी केलंय. तिला तिचं सामान रात्रभर तसंच राहू द्या, उद्या पुढचा भाग करता येईल.

मुलाचं वय वेगळं. बाराव्या वर्षी पोरगा संध्याकाळी घरात आईबापांबरोबर रमला पाहिजे ही अपेक्षाच मला अवास्तव वाटते. तो मित्राकडे मॅच बघतो, म्हणजे चार पोरांत बसून ओरडतो. एकट्यानं मोबाईलवर बघण्यापेक्षा हे कितीतरी बरं. त्याला वेळेत घरी यायला सांगा, बस. घरात त्याला करमणूक नको, अधिकार द्या. रविवारची संध्याकाळ त्याची: काय खायचं ते तो ठरवणार आणि तोच करणार, ऑम्लेट म्हणा, थालीपीठ म्हणा. ओटा घाण होईल, तुम्ही आत जायचं नाही. वाचनाचंही तसंच. 'आठ वाजता वाचन' असं लिहून ठेवलं की ते गृहपाठ होतं. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय, त्याचे अंक उशाशी, न्हाणीघराच्या वाटेवर, कुठंही पडू द्या, वाच म्हणू नका. आणि सासूबाईंना पेपरातलं बारीक अक्षर दिसत नसेल तर रोज एक बातमी त्यानं त्यांना वाचून दाखवायची, हे त्याचं घरातलं काम ठरवा. त्या मध्येच थांबवून मत देतील, तो वैतागेल. वैतागू द्या.

एक आठवण सांगते, जरा विषयांतर होईल. २००५-०६ च्या सुमारास भारनियमन जोरात होतं, तेव्हा आम्ही इचलकरंजीला होतो. संध्याकाळी वीज गेली की सगळी इमारत गच्चीवर. कुणी सतरंजी आणायचं, कुणी मुरमुरे. एकमेकांची नावं माहीत नसलेली माणसं महिनाभरात एकमेकांच्या आजारांपर्यंत पोचली. आजही तेव्हाचे शेजारी भेटले की म्हणतात, 'काय दिवस होते!' पण त्यातलं खरं सांगू? वीज आली की 'आली' असा एकच गलका व्हायचा आणि दोन मिनिटांत गच्ची रिकामी. सगळे खाली, टीव्हीपुढं. मीही. कुणी म्हणालं नाही की आता आलीय तर बंद करून बसू. तरीही त्या गच्चीवर आम्हाला बरं वाटायचं, आणि मला त्याचं कारण फार पुढं कळलं. अंधारात कुणालाच काम करता येत नव्हतं. बायकांनाही नाही. धुणं, भांडी, इस्त्री, गिरणीचं पीठ, सगळं वीज येईपर्यंत थांबलेलं असायचं, आणि त्याबद्दल कुणी कुणाला बोलू शकत नव्हतं.

म्हणून तुम्हाला माझी पहिली सूचना करमणुकीची नाहीच. रोज सात ते साडेआठ या वेळातली वीस मिनिटं तुम्ही बसायचं. मुलांचा अभ्यास घेत नाही, काही निवडत नाही, कुणाशी 'छान वेळ' घालवत नाही, नुसतं बसायचं. खुर्चीत, खिडकीशी, चहाचा दुसरा कप घेऊन. पहिल्या दिवशी पाच मिनिटांत हाक येईल. "एवढं संपू दे, आले," म्हणा. काय संपायचंय ते सांगायची गरज नाही. अशी पत्रं मला इतर घरांतूनही येतात, मुंबईतल्या नवरा-बायको दोघंही साडेआठला घरी पोचणाऱ्या घरांतूनही, आणि त्यांनाही मी हेच लिहिते: आधी दोघांनी आळीपाळीनं बसायचं, मुलांसाठी काय करायचं ते त्यानंतर.

राहिला दिवाळीचा प्रश्न. तीन वाटा दिसतात. अजिबात आणायचा नाही, ही पहिली. सासूबाईंची दुपार रेडिओनं आणि माणसांनी भरली, आणि फोनही खणात जायला लागले, तर ती चालेल. नाहीतर तुम्ही फक्त सासूबाईंनाच उपास घडवताय. दुसरी, सासूबाईंच्या खोलीत छोटा टीव्ही. हे पुष्कळ घरांत करतात, मला आवडत नाही. त्यानं म्हातारं माणूस खोलीत कोंडलं जातं आणि मुलं अभ्यासाचं पुस्तक घेऊन तिथंच जाऊन बसतात. तिसरी, हॉलमध्येच आणायचा, पण वडगावसारखा: दुपार सासूबाईंची, सात ते साडेआठ बंद, त्यानंतर एक मालिका किंवा मॅच, जे असेल ते सगळ्यांनी मिळून, आणि मग झोपेपर्यंत बंद. माझा कल तिसऱ्या वाटेकडं आहे. पण एक अट घालते. आणायच्या आधी महिनाभर फोनसकट दीड तास पाळून बघा. नवरा 'ऑफर संपेल' म्हणेल. ऑफर संपत नसतात, पुढच्या सणाला पुन्हा येतात. महिनाभर फोन खणात राहिले नाहीत तर नव्या टीव्हीचं बटणही वेळेवर दाबलं जाणार नाही, आणि ते भांडण हप्त्यांसकट घरी येईल. आणि आणलात तर तो दुसरीकडं टांगा, ती रिकामी जागा आता मुलीची आहे.

फ्रिजवरचं वेळापत्रक मात्र आजच काढा. फाडू नका. मागची बाजू कोरी असेल, बदाम सातचे गुण मांडायला होईल.